उरलेल्या वर्षांचे ऋण

मंदिराच्या पत्रिकेत पैशाअडक्याचा व मालमत्तेचा विषय काढणे काही वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. देवदर्शनास आलेल्या माणसापुढे विम्याचे आणि मृत्युपत्राचे कागद पसरणे विशोभित दिसते खरे. परंतु गृहस्थाश्रम हाही धर्माचाच एक आश्रम आहे, आणि त्यात प्रवेश करताना माणसाने अग्नीच्या साक्षीने जे पत्करले, त्यात दुसऱ्याच्या योगक्षेमाची जबाबदारी आलीच. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहो. पतिपत्नींच्या वयांत बारा, पंधरा किंवा वीस वर्षांचे अंतर असेल, तर वडील जोडीदाराने धाकट्याच्या पुढील आयुष्यासाठी जी तरतूद करावयाची, ती दान समजावी की ऋण?

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. द्यावे की न द्यावे, किती द्यावे, कोणत्या अटीवर द्यावे, हे सर्व त्याने ठरवावे. ऋणाचे तसे नसते. जितके घेतले तितके ते फेडावे लागते, मुदतीच्या आत फेडावे लागते, आणि फेडताना 'या पैशाचे तू काय करशील?' असे धनकोस विचारण्याचा अधिकार ऋणकोस नसतो. तेव्हा या प्रश्नाचे जे उत्तर आपण देऊ, त्यावर पुढील सारा व्यवहार अवलंबून राहील.

आपल्या पांडेसऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि आसपासच्या यंत्रमागांवर काम करणारी मराठी मंडळी बहुतांशी खानदेशातली. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून, ताप्तीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने ती उधना-सुरतेस आली. थोरल्या मुलाने आधी कमवावे, बहिणींची लग्ने उरकावीत, गावच्या शेतीवरचे कर्ज फेडावे, आणि मग चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतः बोहल्यावर चढावे, असे कित्येकांचे झाले. कोणाची पहिली पत्नी लहान मुले मागे ठेवून गेली आणि त्या मुलांसाठी म्हणून दुसरा संसार मांडावा लागला. अशा घरांत पती पंचावन्न वर्षांचा व पत्नी चाळिशीची, हे चित्र विरळा नाही. देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकाने १८९९ साली जो प्रहार केला, तो पैशाच्या बळावर अजाण मुलीस म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या रूढीवर होता. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहो, ती जोडपी सज्ञान आहेत व परस्परांच्या संमतीने विवाहबद्ध झालेली आहेत. त्यांच्या विवाहास कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र विवाह योग्य रीतीने झाला म्हणजे त्याचे पुढले देणे आपोआप फिटले, असे होत नाही.

हे देणे उत्पन्न कसे होते ते पाहू. समवयस्क जोडप्यात सेवा उभयपक्षी असते. दोघांचे गुडघे एकदमच दुखू लागतात, आणि कोणी कोणास आधार द्यावयाचा हे दिवसागणिक बदलत राहते. वयात मोठे अंतर असले म्हणजे हा हिशेब जुळत नाही. पतीच्या वार्धक्यात पत्नीचे हातपाय धड असतात. त्याचे औषधपाणी, पथ्य, रात्रीची जागरणे ती करते. पुढे तिचे वार्धक्य येते, तेव्हा तो नसतो. म्हणजे त्यास जे मिळाले, ते तिला परत देण्यास तो हजर राहणार नाही, हे सामान्यतः दोघांसही आधीपासून ठाऊक असते. शिवाय त्याच्या संसारासाठी आणि पुष्कळदा त्याच्या पहिल्या मुलांसाठी तिने आपल्या कमावत्या वयाची वर्षे वेचलेली असतात. ज्याची परतफेड प्रत्यक्ष सेवेने करता येणार नाही, ती आधीच तरतुदीने करून ठेवणे, यास आम्ही ऋणफेड म्हणतो. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सांगितले. गृहस्थाने त्यांच्या शेजारी मागे राहणाऱ्या सहचराचे ऋणही मांडावे, असे आम्हांस वाटते.

याला आधार नाही असे नव्हे. बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य व मैत्रेयी यांचा संवाद प्रवचनांतून आपण ऐकतो. ज्या धनाने अमृतत्व मिळणार नाही ते घेऊन मी काय करू, हा मैत्रेयीचा प्रश्न सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु तो प्रश्न निघाला कशावरून? याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून जावयास निघाले, तेव्हा मैत्रेयी व कात्यायनी या आपल्या दोन पत्नींमधील व्यवस्था लावून देण्याचा विषय त्यांनी स्वतः काढला. ब्रह्मविद्येचा उपदेश मागाहून झाला, वाटणीची गोष्ट आधी. एवढा मोठा ज्ञानी, तोही मागे राहणाऱ्यांची सोय लावल्यावाचून घराबाहेर पडावयास तयार नव्हता. मैत्रेयीने धन नाकारले, कात्यायनीने काय म्हटले ते उपनिषद सांगत नाही. घरोघरी संसार चालविणाऱ्या कात्यायनीच अधिक आहेत, आणि त्यांस उद्याच्या पिठामिठाची चिंता आहे, हे आपण विसरू नये.

घरात संपत्ती आहे एवढ्याने तरतूद झाली असे समजणे ही मोठीच गफलत होय. नाना फडणवीस १८०० साली वारले. मराठी राज्याचा सारा हिशेब ज्यांच्या बोटांवर होता, त्या पुरुषाच्या मागे जिऊबाई ही अल्पवयीन पत्नी उरली. तिला लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला. पुढे १८०३ मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने, इंग्रजांच्या संरक्षणाखाली पनवेलीस राहावे व सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक घ्यावी, अशी तिची व्यवस्था लागली. राज्याची चोख व्यवस्था ठेवणाऱ्याच्या पत्नीची व्यवस्था परक्यांनी लावली! त्या धामधुमीच्या काळात नानांना याहून वेगळे काय करता आले असते, याचा न्याय करण्याचे आम्हांस कारण नाही. धन असणे व ते मागे राहणाऱ्याच्या हाती निर्वेधपणे पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच यावरून घ्यावयाचे.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती रानडे यांचे. त्यांचा जन्म १८४२ चा व रमाबाईंचा १८६२ चा. १८७३ साली विवाह झाला तेव्हा ते एकतीस वर्षांचे व त्या अकरा वर्षांच्या होत्या. तो विवाह त्या काळच्या रूढीचा होता आणि आज कोणी त्याचे समर्थन करणार नाही. पण त्या अंतराचे दायित्व न्यायमूर्तींनी कसे ओळखले ते पाहण्यासारखे आहे. घरातील बायकांची बोलणी रमाबाईंना सोसावी लागली, तरी त्यांनी पत्नीचे शिक्षण थांबू दिले नाही. १९०१ साली ते निवर्तले तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. पुढे १९२४ पर्यंतच्या तेवीस वर्षांत त्यांनी पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे केले आणि १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. पतीने दिलेली मोठी ठेव त्यांच्या स्वतःच्या ठायी होती, म्हणून ती कोणास हिरावून घेता आली नाही. तरतुदीचा विचार करताना पैशाआधी आम्ही हे मांडतो. धाकट्या पत्नीस लिहिता-वाचता येणे, हाताशी एखादा व्यवसाय असणे, बँकेत एकटीने जाऊन व्यवहार करता येणे, हीच पहिली तरतूद. येथे तर बँकेतला व सरकारी कचेरीतला पुष्कळसा कागद गुजरातीत वा इंग्रजीत असतो. घरी अहिराणी व मराठी बोलणाऱ्या गृहिणीस तो कागद नवऱ्याने आज शेजारी बसून समजावून दिला नाही, तर उद्या तो तिला कोण वाचून दाखवील?

आता कायद्याकडे वळू. १९३७ पूर्वी विभक्त न झालेल्या हिंदू कुटुंबात विधवेस पतीच्या वाट्यावर हक्क नव्हता. पोटगीवर समाधान मानावे लागे. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने त्या वर्षी झालेल्या कायद्याने तिला वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली. या कायद्याप्रमाणे पती मृत्युपत्र न करता वारल्यास त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली व आई यांस सारखे वाटे मिळतात. समजा, एका गृहस्थाच्या मागे दुसरी पत्नी, पहिल्या पत्नीचे दोन मुलगे आणि दुसरीची एक लहान मुलगी आहे. पत्नीस चौथा हिस्सा मिळेल. गृहस्थाची आई हयात असेल तर पाचवा. राहती खोली ही एकच मिळकत असेल, तर त्या खोलीचे चार-पाच मालक झाले, आणि तीत राहणारी बाई इतरांच्या मर्जीवर आली. गावाकडील वडिलोपार्जित जमिनीचे प्रकरण आणखी वेगळे. तीत आपला जेवढा हिस्सा तेवढ्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते, आणि २००५ पासून मुलीही मुलांच्या बरोबरीने तिच्या वाटेकरी आहेत.

ऋण किती, हे गणिताने पाहावे. पती अठ्ठावन्न व पत्नी बेचाळीस वर्षांची आहे, आणि दोघेही ऐंशी वर्षे जगतील असे धरू. त्यास बावीस वर्षे आहेत, तिला अडतीस. म्हणजे सोळा वर्षे ती एकटी राहणार. घरखर्च आज दरमहा दहा हजार असेल आणि महागाई वर्षास सहा टक्क्यांनी वाढत राहील असे मानले, तर बावीस वर्षांनी त्याच खर्चास सुमारे छत्तीस हजार, व अडतीस वर्षांनी सुमारे एक्याण्णव हजार लागतील. 'माझ्या म्हातारपणापुरते आहे' असे म्हणणारा गृहस्थ आपली वर्षे मोजतो. मोजावयाची आहेत तिची वर्षे. आमच्या साऱ्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

याच दृष्टीने प्रत्येक साधनाकडे पाहावे. आयुर्विमा महामंडळाकडून किंवा अन्य विमा कंपनीकडून वर्षासन घेताना दोन मार्ग असतात. एकट्याच्या हयातीपर्यंतचे वर्षासन घेतले तर दरमहा रक्कम थोडी अधिक येते आणि त्याच्याबरोबरच ती बंद होते. दोघांच्या हयातीपर्यंतचे घेतले तर रक्कम कमी येते, व पत्नी जितकी लहान तितकी ती आणखी कमी होते. तो कमीपणा हा ऋणाचा हप्ता समजून सोसावा. गिरणीत भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेचे कागद पाहावेत. निवृत्तिवेतन घेत असता पती वारल्यास त्याच्या निम्मे पत्नीस मिळते, आणि तेही तिने पुनर्विवाह न केल्यास. एवढ्यावर संसार चालत नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पुष्कळांस तेवढाही आधार नाही. अशा घरांत पतीचे वय योजनांच्या मर्यादेबाहेर गेलेले असले, तरी पत्नीचे बहुधा आत असते. अटल पेन्शन योजनेत चाळीस वर्षे वयापर्यंत नाव घालता येते, आणि साठीनंतर दरमहा एक हजार ते पाच हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. आयकर भरणाऱ्यांस ही योजना खुली नाही. तेव्हा जेथे बसते तेथे खाते पत्नीच्याच नावाने उघडावे.

कापडाच्या उधारीचा धंदा करणाऱ्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील सहावे कलम ध्यानात ठेवावे. त्या कलमाखाली पत्नीच्या वा मुलांच्या हितासाठी म्हणून विमा उतरविला व तसे पॉलिसीवर नमूद केले, तर ती रक्कम विश्वस्त निधी मानली जाते. धनकोंस फसविण्याच्या हेतूने ती पॉलिसी घेतलेली नसेल, तर पतीच्या देणेकऱ्यांस तीवर हात टाकता येत नाही. ही नोंद विमा उतरवितानाच करावयाची असते.

नॉमिनीविषयी फार मोठा गैरसमज आहे. बँकेच्या ठेवीवर जिचे नाव घातले तीच मालक झाली, असे लोक समजतात. नॉमिनीने रक्कम स्वीकारावयाची असते; मालकी वारसांची असते. शेअर व म्युच्युअल फंडांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितले. ज्यांचे 'कालनिर्णय' आपल्या घरोघरी भिंतीवर असते, त्या कै. जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या प्रकरणात तो निर्णय झाला. तात्पर्य, नॉमिनीचे नाव आणि मृत्युपत्र दोन्ही हवीत, व ती परस्परांशी जुळती हवीत. पहिली पत्नी वारल्यावर भावाचे नाव घातलेले असते, आणि दुसऱ्या लग्नाला दहा वर्षे झाली तरी तेच नाव राहते; असे कागद आजच काढून पाहावेत. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. ज्यांना काही मिळावयाचे नाही असे दोन साक्षीदार घ्यावेत. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवावी.

येथवर पत्नीच्या ऋणाचा विचार झाला. परंतु एका ऋणाच्या फेडीसाठी दुसरे ऋण बुडविणे हा धर्म नव्हे. पहिल्या पत्नीच्या मुलांच्या मनात एक भीती असते आणि तिला आधार आहे. बापाची मिळकत सावत्र आईच्या नावे झाली आणि ती मृत्युपत्र न करता वारली, तर कायद्याने ती तिच्या पोटच्या मुलांस जाते. सावत्र मुले तिची मुले म्हणून वारस होत नाहीत. ज्या खोलीच्या हप्त्यांसाठी त्यांच्या आईने पोटास चिमटा घेतला, ती खोली त्यांच्या हातून कायमची जावी, हे न्याय्य नाही. म्हणून मिळकतीचा उगम पाहावा. पहिल्या संसारात उभे राहिलेले घर असेल, तर पत्नीस आमरण निर्वेध राहण्याचा हक्क व तिच्यामागे सर्व मुलांस सारखी मालकी, आणि पत्नीच्या निर्वाहासाठी वेगळी रक्कम संपूर्ण तिच्या मालकीची, अशी योजना करावी. असा हयातीपुरता हक्क लिहिताना शब्द चुकला तर पुढे वाद माजतो, म्हणून तो जाणत्या वकिलाकडून लिहवून घ्यावा. आणि हे सर्व मुलांस बापाने आपल्या तोंडाने सांगावे. त्याच्या मागे तोच कागद निघाला, तर सावत्र आईनेच तो करवून घेतला असे मुले म्हणतील, आणि त्या बोलाचा भार निरपराध स्त्रीवर पडेल.

दान की ऋण, हा भेद जेथे खरा कसास लागतो ती जागा आता आली. कित्येक गृहस्थ तरतूद उदारपणे करतात, पण 'माझ्या नावाने राहील तोवर', 'याच घरी राहील तोवर' अशा अटी घालतात. बेचाळीस वर्षांची स्त्री मागे राहिली आणि तिने पुढे कोणाचा हात धरला, तर तिने मागे केलेली सेवा खोटी ठरते काय? निवृत्तिवेतनाच्या सरकारी नियमात तशी अट आहे, ती आपल्या हातची नाही. आपण लिहितो तो कागद मात्र आपल्या हातचा आहे. ऋण फेडणारा अट घालीत नाही. लहान मुलीसाठी वेगळी रक्कम बांधून ठेवावी, राहत्या घराची व्यवस्था वर सांगितल्याप्रमाणे करावी. पत्नीच्या वाट्यास जे द्यावयाचे ते मोकळ्या हाताने द्यावे.

'जिवंतपणी मरणाची भाषा अशुभ' हा आक्षेप नेहमीचा आहे. पण ज्या घरात कर्त्याच्या मागे बाराव्या दिवशीच कपाटाच्या किल्लीवरून भांडण लागते, त्या घरात शुभ काय राहिले? दुसरा आक्षेप असा, की मुले चांगली आहेत, सर्व बघतील. मुले चांगली असतीलही. परंतु त्यांचे चांगुलपण कसोटीस लावण्याची वेळ आणणे बापास शोभत नाही. आणि तिसरे, काळ वयाचा क्रम पाळतोच असे नाही. धाकटी आधी गेली तर वडील जोडीदाराकडे व लहान मुलांकडे कोण पाहील, हेही त्याच कागदात असावे. पत्नी वयाने वडील असेल तेथे हाच सारा विचार उलट्या बाजूने लागू होतो.

आपल्या सुरतेत दिवाळीस व्यापारी चोपड्यांचे पूजन करतात, आपण वहीपूजन करतो. त्या दिवशी येणे किती व देणे किती, हे स्वच्छ मांडलेले असावे, असा त्या पूजेचा अर्थ आहे. सर्व कागद दोघांनी मिळून त्या दिवशी एकदा काढावेत. खोलीचा दस्त, गावचा सात-बारा, विम्याच्या पॉलिसी, पासबुके, विवाहनोंदणीचा दाखला एकत्र करावेत. एका कागदावर पत्नीचे माहेरचे व दुसऱ्यावर सासरचे नाव असेल तर दुरुस्त करून घ्यावे. ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरतेतील कित्येक घरांचे कागद पाण्यात गेले. म्हणून त्यांच्या प्रती दुसऱ्या जागीही ठेवाव्यात. मग नवऱ्याने पत्नीस समोर बसवून प्रत्येक कागद वाचून दाखवावा व ती विचारील त्या प्रश्नास उत्तर द्यावे. आपल्या घरच्या वहीत देण्याच्या बाजूस तिची उरलेली वर्षे मांडलेली आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने पाहावे. नसतील तर हातात वेळ आहे तोवर मांडावीत, एवढीच आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.